तोळा कोणता, मासा कोणता?

जुन्या योगांचे ग्रॅममध्ये रूपांतर करताना मान प्रथम निश्चित करावे, असे आम्हांस वाटते. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियानुसार १ गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, ८ गुंजांचा मासा १ ग्रॅम व १२ माशांचा तोळा, म्हणजेच कर्ष, १२ ग्रॅम होय. ब्रिटिश अमदानीतील तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. मुंबईतील सराफी व्यवहारात तो १० ग्रॅमचा धरतात.

सर्व द्रव्ये तोळ्यांत असल्यास कोणताही तोळा घेतला तरी परस्परप्रमाण टिकते. मात्र काही द्रव्ये माशांत असताना सराफी तोळा व १ ग्रॅमचा मासा एकत्र धरल्यास १२:१ चे प्रमाण १०:१ होते. वत्सनाभासारखे विषद्रव्य माशांत असेल, तर कल्पातील त्याचा अंश वाढतो.

शार्ङ्गधरोक्त मागधमानात मासा ६ गुंजांचा व कर्ष १६ माशांचा आहे. कर्ष दोन्हीकडे ९६ गुंजांचाच. मासा मात्र ७५० मिलिग्रॅमचा ठरतो. तेथे १ ग्रॅम घेतल्यास मात्रा एक तृतीयांशाने वाढते.

सबब अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड येथील वैद्यबंधूंनी व औषधालय-चालकांनी प्रत्येक निर्माणपत्रकावर ग्रंथनाम, मान व गुंजेचे वजन नोंदवून मगच तराजू हाती घ्यावा.