चित्र आणि ध्वनी यांचा मेळ

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• चित्र व ध्वनी यांतील तफावतीचे प्रकार ओळखू शकाल;
• तफावतीचे कारण शोधून योग्य उपाय सुचवू शकाल.

प्रस्तावना
आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या एखाद्या घरी जुन्या व्हिडिओ कॅसेटवर जपलेल्या असतात. ती कॅसेट संगणकात उतरवून तिची डीव्हीडी केली जाते. परंतु पडद्यावर आजीचे ओठ मिटतात आणि ओवी मागाहून ऐकू येते. चेहरा तिचाच, आवाजही तिचाच. तरी आजी गात आहे असे वाटत नाही. हा दोष कसा दूर करावा, ते या पाठात पाहू.

मूळ पाठ
संगणकाच्या फाइलमध्ये चित्र आणि ध्वनी यांचे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. डीव्हीडी तयार करताना दोन्ही नव्या मापात बसवावे लागतात. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चौकटी दिसतात आणि ध्वनीचे सामान्यतः ४८,००० नमुने घेतलेले असतात. या रूपांतरात एका प्रवाहाची गती बदलली आणि दुसऱ्याची तशीच राहिली, की मेळ बिघडतो.

उपायापूर्वी निदान आवश्यक असते. त्यासाठी टाळी वाजणे किंवा दार आपटणे यांसारखा क्षण फितीच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी शोधावा. चित्रीकरणापूर्वी क्लॅप देतात, तोही याच हेतूने. प्रत्येक ठिकाणी ध्वनी किती मागे वा पुढे आहे, ते टिपून ठेवावे.

१. तफावत सर्वत्र सारखी असल्यास ध्वनी तेवढाच पुढे किंवा मागे सरकवावा. पाल पद्धतीत एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद.

२. तफावत वाढत जात असल्यास ध्वनी सरकवून उपयोग नाही; आरंभ जुळला तरी शेवट चुकतो. १०० मिनिटांचा चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी चालवला, तर चित्र ९६ मिनिटांत संपते, ध्वनी मात्र १०० मिनिटे चालतो. अशा वेळी ध्वनीची लांबीही ९६ मिनिटे करावी लागते. बदलत्या बिटदराच्या एमपी३ ध्वनीमुळेही असा दोष येतो. तो ध्वनी वेगळा काढून वेव्ह स्वरूपात, ४८,००० नमुन्यांच्या दराने साठवावा आणि मग चित्राशी जोडावा.

३. तफावत एखाद्या ठिकाणी एकाएकी निर्माण होत असल्यास कॅसेट संगणकात उतरवताना काही चौकटी गळलेल्या असू शकतात. शक्य असल्यास कॅसेट पुन्हा उतरवणे, हाच उत्तम उपाय.

वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. म्हणून उशिरा येणारा ध्वनी आपण काही अंशी सहन करतो. चित्राआधी येणारा ध्वनी मात्र लवकर खटकतो. तपासणी करताना हे ध्यानात ठेवावे.

अंतिम डीव्हीडी करण्यापूर्वी पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर चाचणी घ्यावी आणि शेवटची दहा मिनिटे अवश्य पाहावीत. मूळ कॅसेट टाकून देऊ नये. डीव्हीडी पुन्हा करता येते. आजीची ओवी पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही.

शब्दार्थ
तफावत – फरक; निदान – दोषाचे कारण ओळखणे; चौकट – चलच्चित्रातील एक स्थिर चित्र

पाठगत प्रश्न
१. वाढत जाणारी तफावत ध्वनी सरकवून का दूर होत नाही?
२. ७५ मिनिटांचा चित्रपट २४ ऐवजी २५ चौकटींच्या गतीने चालवल्यास चित्र किती मिनिटांत संपेल?
३. ‘आधी निदान, मग उपाय’ हे तत्त्व तुमच्या कामात कोठे लागू पडते, ते पाच ओळींत लिहा.