कचरा येतो कुठून?

मुलांनो, आज सकाळी तुमच्या घरातून कचरा बाहेर गेला असेल. त्यात काय काय होते, हे तुम्हांला सांगता येईल का? तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, "कचरा म्हणजे कचरा! त्यात काय पाहायचे?" पण एकदा पाहाच. कांद्याची साले, चहाचा चोथा, उरलेला भात, दुधाची रिकामी पिशवी, फाटकी वही, विजेरीचे संपलेले सेल. काल या साऱ्या वस्तू घरात वेगवेगळ्या जागी होत्या. आज आपण त्या एकाच डब्यात टाकल्या आणि त्यांचा कचरा झाला.

यांपैकी जे स्वयंपाकघरातून आले, तो ओला कचरा. आपल्या शहरांतील कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा याचाच असतो. तो कुजतो, म्हणून आपल्याला त्याची घाण वाटते. खरे तर कुजणे हाच त्याचा मोठा गुण आहे. माती, थोडा ओलावा आणि हवा मिळाली, की दोन-तीन महिन्यांत त्याचे खत होते. हा शब्द वाचून तुम्हांला हसू आले असेल. उर्दूत खत म्हणजे पत्र. मराठीत खत म्हणजे शेतात घालतात ते, तुमच्या भाषेतील खाद. दोन्ही नीट लक्षात ठेवा, नाहीतर परीक्षेत पोस्टमन खत घेऊन येईल!

कागद, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, काच, प्लॅस्टिक हा सुका कचरा. यातील रद्दी हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. सुका कचरा पुन्हा वापरता येतो. मात्र तो कोरडा हवा. वरणात भिजलेली वही रद्दीवालाही घेत नाही.

घरात तिसराही एक कचरा असतो. तो थोडाच असतो, पण धोक्याचा असतो. संपलेले सेल, मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकाचे डबे, फुटलेली ट्यूबलाइट. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. तो मातीत व पाण्यात गेला, की सहजासहजी निघत नाही. हे ओळखूनच केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांत घरातल्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करण्यास सांगितले.

घराबाहेर पडा, म्हणजे कचऱ्याचे रूप बदलते. मालेगाव किंवा भिवंडी येथे यंत्रमागांच्या कारखान्यांत तुटक्या सुताचे गुंते साचतात. गॅरेजमधील मेकॅनिक तेलाचे हात अशाच गुंत्यांनी पुसतात. जुने घर पाडले, की विटा आणि सिमेंटचा राडारोडा निघतो. दवाखान्यातील कचऱ्याला तर वेगळे नियम आहेत. रक्ताने भरलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत टाकायच्या, सुया मात्र टोचणार नाहीत अशा जाड पांढऱ्या डब्यात. वस्तू कुठून आली, यावरून ती कुठे जाणार हे ठरते.

मग सगळे एकत्र टाकले तर काय होते? मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात आला. तेथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. अशा डोंगराच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथे दडपलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. त्याच ढिगात कागद, कापड आणि प्लॅस्टिक असते, म्हणजे जळण तयारच! जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली. धूर इतका पसरला, की परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ज्या मुलांना घरी बसावे लागले, त्यांच्या घरची साले आणि पिशव्याही त्या डोंगरात असणारच.

आता उलट उदाहरण पाहा. मालेगावात जुन्या प्लॅस्टिकपासून पाइप बनवण्याचा मोठा धंदा आहे. तुटक्या बादल्या, खुर्च्या, डबे तेथे येतात. कामगार आधी ते निवडतात; रंग पाहतात, जात पाहतात. मग त्यांचे तुकडे करून धुतात. ते वितळवून त्यांचे दाणे करतात आणि दाण्यांपासून पाइप काढतात. हे पाइप शेतकरी शेतात पाणी नेण्यासाठी वापरतात. या कामातही धूर आणि घाण पाणी निघते, हे खरे. शिवाय यातील निम्मी मेहनत निवडण्याची आणि धुण्याचीच असते, असे मला वाटते. आपण घरी एका मिनिटात जे वेगळे करू शकतो, तेच तेथे कोणीतरी उन्हात बसून दिवसभर करत असते.

आणि हे काम हातांनी होते. कचरा वेचणाऱ्या बाया पिशवी उघडतात, तेव्हा आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते. सालांखाली फुटका ग्लास असला, तर बोट कापते. दुसऱ्या दिवशी काम बुडते, म्हणजे मजुरीही बुडते. म्हणून फुटलेली काच जाड कागदात नीट गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहा. उचलणाऱ्या बाईंना वाचता येत नसेल, तर लाल रंगाने ठळक फुली काढा आणि ती पुडी डब्यात न टाकता त्यांच्या हातात द्या.