पाणी पाजण्याआधी खड्डा काढा

खाली वेदगंगेची काळी मळी आणि वर मुरमाड माळ, अशी एकाच घरची दोन रानं निपाणी भागात सर्रास दिसतात. आमचीही तशीच. दोन्हीकडे ऊस लावला, तेव्हा एका दुकानातून पाण्याचं वेळापत्रक मिळालं: दर आठ दिवसांनी, दोन्ही रानांना सारखं. एप्रिलमध्ये माळावरचा ऊस पाणी दिल्याच्या चौथ्याच दिवशी भर दुपारी पानांची सुरळी करू लागला. खाली मळीत मात्र पानं पिवळी पडलेली, सरीत पाय घातला की घोट्यापर्यंत रुते आणि उपटलेल्या मुळांना कुजका वास येई. पाणी तर दोन्हीकडे वेळेवर पडत होतं.

मृदा आरोग्य पत्रिकेत याचं उत्तर नाही. 2015 पासून मिळणाऱ्या त्या पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे 12 घटक असतात. जमीन पाणी किती धरते, हा रकानाच तिथे नाही. ते आपलं आपणच काढायचं.

आधी खड्डा. मुळं कुठवर गेलीत आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. आमच्या माळावर फुटाखालीच मुरूम लागला. मळीत तीन फूट खोलवर काळी मातीच. मग रानाच्या कोपऱ्यात थोडी जागा पाण्याने चिंब भिजवा, प्लास्टिकने झाका आणि वाफसा येऊ द्या. मळीला त्यासाठी तीन-चार दिवस तरी लागतात. दोन्ही तोंडं मोकळी असलेला, अर्धा लिटर मापाचा पत्र्याचा डबा मातीत ठोकून भरून काढा. ती माती तोला, 105 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. 200 ग्रॅम घट आली, तर मातीत आकारमानाच्या 40 टक्के पाणी होतं. प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा घ्या.

इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. हे सगळं पाणी पिकाचं नसतं. काळी माती त्यातलं जवळपास निम्मं इतकं घट्ट धरते, की ओल हाताला लागत असतानाही पीक सुकतं. उरलेल्यातलंही निम्मं संपलं की पाणी द्यावं. त्यापुढे ताण बसतो.

आमच्या मळीत तीन फुटांत पिकाला मिळण्याजोगं पाणी साधारण 150 मिलिमीटर, त्यातलं वापरायचं 75. भर उन्हाळ्यात ऊस रोज सहा मिलिमीटरच्या आसपास पितो, म्हणजे बारा दिवसांची बेगमी. माळावर फूटभर माती आणि त्यात तिसरा हिस्सा खडे. मिळण्याजोगं पाणी जेमतेम 20 आणि वापरायचं 10. दोन दिवसही पुरत नाही. तिथे पाटाने 70-80 मिलिमीटर सोडलं, तर बहुतेक पाणी मुळांखाली जातं आणि सोबत युरियाही नेतं. अशा रानाला ठिबकच हवं, थोडं आणि वरचेवर. गुंठ्याला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 100 लिटर, हे धरून मोटार किती वेळ चालवायची ते ठरवता येतं.

आपल्याकडचा विडीचा तंबाखू पावसाळा सरल्यावर काळ्या रानातल्या ओलीवरच पोसतो. ती ओल फुटाफुटाने मोजली, तर उसाचं पाणीही नेमकं ठरवता येतं.

पिकाला मिळण्याजोगं पाणी नेमकं काढायला प्रयोगशाळा लागते. मत्तीकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करा. आणि ज्याने तुमच्या रानात खड्डा काढून पाहिलेला नाही, त्याचं वेळापत्रक घेऊ नका.