इतवारीतून दिसणारा विदर्भ

नागपूरच्या इतवारीत, किराणा ओळीच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहिले तर विदर्भाचा बराचसा भूगोल हातगाड्यांवरून आपल्यापुढून जातो. तांदळाचे पोते भंडारा-गोंदियाकडचे, तुरीची डाळ अकोला-यवतमाळकडची, लाल मिरची भिवापूरची, हिरडा-बेहडा आणि मोहफुले गडचिरोलीच्या जंगलातली. शाळेच्या पुस्तकात 'प्रमुख पिके' या मथळ्याखाली ही नावे आपण पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण तांदूळ पूर्वेकडूनच का येतो आणि कापूस पश्चिमेकडूनच का, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर दडले आहे जमिनीखालच्या खडकात आणि वरून पडणाऱ्या पावसात.

आधी इतवारी या नावाविषयी. आदित्यवाराचा आइतवार झाला आणि त्याचाच इतवार. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. पुढे भोसल्यांच्या राजवटीत शहर वाढले. ज्या वाराला जिथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या वस्तीला पडले. म्हणून नागपुरात बुधवारी आहे, शुक्रवारी आहे, मंगळवारीही आहे. बाजाराचा दिवस कधीच मागे पडला, नावे तेवढी उरली. धान्याचे आणि संत्र्यांचे मोठे लिलाव आता कळमन्याच्या बाजार समितीत होतात, तरी इतवारीची किराणा ओळ, सराफा ओळ, मस्कासाथ यांची गर्दी कमी झालेली नाही.

शहराखालची सीमारेषा

इतवारीच्या पश्चिमेला सीताबर्डीची टेकडी आहे. तिचा दगड काळा आहे. तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. मुंबईपासून नागपूरपर्यंतचा महाराष्ट्र बहुतांशी याच थरांचा बनलेला आहे. नागपूरपाशी मात्र ही काळी चादर संपते. शहराच्या पूर्वेला जमिनीखाली ग्रॅनाइट आणि पट्टेदार नाईस यांसारखे फार जुने, स्फटिकमय खडक आहेत, तर उत्तरेला कामठीकडे पिवळसर वालुकाश्म लागतो. एका शहराच्या हद्दीत तीन निरनिराळ्या युगांचे खडक पाहायला मिळावेत, ही गोष्ट भूगोलाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशीच आहे.

हे सर्वप्रथम बारकाईने पाहिले ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. तो १८४५ मध्ये नागपुरास आला. टाकळीजवळ लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधोमध त्याला गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. याचा अर्थ असा की एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला की तिथे तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि मग तप्त लाव्ह्याने सारे झाकून टाकले. हिस्लॉप १८६३ मध्ये ओढ्यात बुडून मरण पावला. हिस्लॉप कॉलेजचे नाव नागपुरात सर्वांना ठाऊक असते, पण तो माणूस दगड गोळा करीत हिंडत असे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

काळ्या चादरीवरचे वऱ्हाड

बेसाल्ट झिजला की काळी कसदार माती होते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती ओल फार दिवस धरून ठेवते. कपाशीचे सोटमूळ खोल जाऊन ती ओल शोषते आणि पाऊस सरल्यानंतरही पऱ्हाटी तग धरते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हे जुने वऱ्हाड आणि शेजारचा वर्धा जिल्हा यांची सगळी श्रीमंती या एका गुणावर उभी राहिली. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण उगीच पडलेली नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. खामगाव, अकोला, अमरावती येथून रुईच्या गाठी बंदराकडे जाऊ लागल्या. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी काढावी, हा त्या काळी धाडसाचा वाटणारा विचार जमशेटजी टाटांनी अमलात आणला. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सव्वाशे वर्षे तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळे चालली, आणि २००२ मध्ये ती बंद पडली. कापूस अजूनही पिकतो, पण त्यातला मोठा भाग रुई होऊनच बाहेर जातो. सूत, कापड आणि कपडे यांतली कमाई दुसरीकडे होते.

याच मातीची एक कडू बाजूही आहे. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. मृगाचा पाऊस पडून महिनाभर उघडीप झाली की पेरलेले वाया जाते. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणे आणि दुसऱ्यांदा कर्ज. यवतमाळकडच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी तुम्ही वाचले असेल. बाजारभाव आणि सावकारी यांच्या जोडीने हे कोरडवाहूपणही त्याच्या मुळाशी आहे.

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात याच काळ्या मातीच्या जरा उथळ, निचऱ्याच्या रानात संत्रा होतो. निचरा हवा तो एका मजेदार कारणासाठी. संत्र्याच्या झाडाला भरपूर फुले यायला हवी असतील तर त्याला आधी तहानलेले ठेवावे लागते. बागायतदार याला 'ताण देणे' म्हणतात. उन्हाळ्यात पाणी तोडले की झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठते आणि पाऊस पडताच फुले फुटतात. हा मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. हिवाळ्यात ताण दिला तर जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. तो आंबिया बहार होय, आणि त्याची फळे दिवाळीच्या आगेमागे बाजारात दिसतात. खोल काळ्या मातीत ओल हटतच नाही, मग ताण बसणार कसा? दुसरीकडे, बागेला एरवी पाणी मात्र भरपूर लागते. वरुड-मोर्शीकडे ते विहिरी व बोअरमधून इतके उपसले गेले की तिथल्या भूजलाची पातळी ही आज मोठीच काळजी होऊन बसली आहे.

वऱ्हाडात गेलात तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार चुकवू नका. बेसाल्टवर उल्का आदळून झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. चंद्रावरची पुष्कळ विवरे बेसाल्टमध्येच आहेत. त्यामुळे त्यांची तुलना करण्यासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ इथे येतात.

झाडीपट्टी

आता तोंड पूर्वेकडे करू. इतवारीचे रेल्वे स्थानक पूर्वेचे दार आहे. त्याला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिलेले आहे. इथून एक अडीच फूट रुंदीचा रूळ उत्तरेला छिंदवाड्याकडे जाई आणि दुसरा आग्नेयेला नागभीडकडे. या छोट्या गाड्या अनुक्रमे २०१५ आणि २०१९ मध्ये, रुळांची रुंदी वाढवण्यासाठी बंद झाल्या. त्यांची इंजिने पाहायची असतील तर नागपुरातच मोतीबागेत त्यांचे संग्रहालय आहे.

या बाजूला भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग येतो. हीच झाडीपट्टी. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे आधी इकडे रिते होतात. बुलढाण्यात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गडचिरोलीत त्याच्या दीडपटीहून अधिक. पाऊस जास्त आणि खालचा खडक पाणी मुरू न देणारा, म्हणून बांध्यांत पाणी उभे राहते आणि धानाची रोवणी होते. त्यातच जुन्या कठीण खडकांच्या टेकड्या जवळजवळ आहेत. दोन टेकड्यांमध्ये आखूडशी पाळ घातली की तलाव तयार! कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून असे हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. नवेगावबांध हा त्यांपैकी मोठा. कुठल्याही महाविद्यालयात न गेलेल्या माणसांची ही स्थापत्यविद्या मला तरी एखाद्या किल्ल्याहून अधिक पाहण्याजोगी वाटते. मालगुजारी १९५० नंतर गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढण्याचे काम कोणाचे हे ठरेनासे झाले. गोंदियाच्या धानशेतीत अजून सारस पक्ष्यांची थोडी जोडपी दिसतात. महाराष्ट्रात त्यांचा हा शेवटचा आधार आहे.

याच जुन्या खडकांत मँगनीज आहे. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत आहेत. पोलाद कठीण होण्यासाठी मँगनीज लागते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड तर टॉर्चच्या सेलमध्ये जाते. सेलमधली काळी पूड ती हीच.

कोळसा मात्र या दोन्ही खडकांत नाही. तो आहे मधल्या वयाच्या, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन थरांत. उमरेड, वणी, घुग्घुस, बल्लारपूर ही त्याची गावे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र (क्षमता २,९२० मेगावॉट) त्याच्याच बळावर चालते. तिथून थोड्याच अंतरावर ताडोबाचे जंगल आहे. कोळसा जमिनीत आणि वाघ जमिनीवर, अशी ही शेजारगाठ आहे. खाण किती वाढू द्यायची, हा वाद म्हणूनच तिथे संपत नाही.

लोखंडाची गोष्ट मोठी नाट्यमय आहे. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याचे लोहखनिज उत्तम असल्याचा अहवाल १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून जमशेटजींच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केले. अडचण होती जवळच्या वरोऱ्याच्या कोळशाची. खनिजातून लोखंड काढण्यासाठी कोळसा हवेवाचून तापवून त्याचा टणक, सच्छिद्र कोक करावा लागतो. वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होईना. सरकारी परवान्याच्या अटीही जाचक होत्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा शोध झाला. तोही निष्फळ ठरल्यावर, बेत सोडल्याचे कळवण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. ते आपले अजब बंगला! तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा होता आणि दुर्गच्या बाजूला लोहखनिजाचा गडद रंग. तोवर ते दल्ली-राजहऱ्याचे डोंगर त्यांच्या मोजणीतच नव्हते. टाटांचा कारखाना अखेर जमशेदपूरला उभा राहिला, पण याच डोंगरांच्या खनिजावर पुढे १९५९ पासून भिलाईचा कारखाना चालू लागला. आज गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे खाणकाम सुरू आहे. माडिया गोंडांच्या गावांना त्यातून काय मिळणार आणि काय जाणार, हा प्रश्न त्याबरोबरच उभा आहे.

तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून आणि नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांकडे आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले. राजधानी नागपूर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. नकाशावरच्या रेषा अशा शंभर वर्षांत चारदा हलल्या. खडकाची रेषा जिथल्या तिथे आहे.

करून पहा

दोन सारख्या काचेच्या पेल्यांत निम्म्यापर्यंत कोरडी, चाळलेली माती घ्या. एकात वऱ्हाडाकडची काळी, दुसऱ्यात भंडाऱ्याकडची पिवळसर. मातीची पातळी बाहेरून खुणेने दाखवा. दोन्हींत मोजून सारखेच पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खूण करा. मग पेले आठवडाभर उन्हात ठेवा. कोणती माती वर चढली, कोणती भेगाळली, आणि भेगांची रुंदी किती मिलिमीटर भरली, हे वहीत तारीखवार लिहा. काळ्या मातीत पांढरे खडे सापडले तर त्यांवर लिंबाचा रस टाका. फेस आला तर तो चुनखडीचा खडा होय.