तीन मृत्यू आणि एक निबंध

चि. मैत्रेयी,


यकृताच्या आजारांवर संशोधन करायचं तू पक्कं केलंस आणि प्रत्यारोपण विभागात प्रवेशही मिळवलास. फार आनंद झाला. प्रबंधाचा विषय निवडण्याआधी शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांची कारकीर्द मात्र मुळापासून वाच.

स्टार्झल यांचा जन्म 1926 चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. 1950 च्या दशकात मायामीत त्यांना पडलेला प्रश्न प्रत्यारोपणाचा नव्हताच. स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन अंगभर पसरण्याआधी यकृतातून का जातं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी कुत्र्यांमध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्ताची वाट बदलून पाहिली. त्यातून अख्खं यकृत काढण्याचं तंत्र हाती आलं. मग त्या जागी दुसरं बसवता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला. इन्शुलिनचा मूळ प्रश्नही त्यांनी सोडला नाही. यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतल्या रक्तातलं इन्शुलिन तुटलं की यकृत आक्रसतं, हे त्यांच्या गटाने पुढे दाखवून दिलं. विषयाची फॅशन बदलली तरी आपला प्रश्न असा धरून ठेवावा लागतो.

1 मार्च 1963 रोजी डेन्व्हरमध्ये त्यांनी माणसातलं पहिलं यकृत-प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा, पित्तवाहिन्या बंद असलेला. रक्त गोठेचना. मूल टेबलावरच दगावलं.

पुढच्या रुग्णांना रक्त गोठवणारे घटक दिले आणि रक्तस्राव आटोक्यात आला. पण शस्त्रक्रिया चालू असताना शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेण्यासाठी प्लास्टिकच्या नळ्या जोडलेल्या असत. त्या नळ्यांत गुठळ्या धरल्या आणि त्या फुफ्फुसांत जाऊन अडकल्या. पहिल्या मृत्यूवरचा इलाजच पुढच्या मृत्यूंना कारण झाला. दुसरा रुग्ण 22 दिवस जगला.

हे सगळं त्याच वर्षीच्या डिसेंबरात निबंध म्हणून छापून आलं. तीन रुग्ण, तिन्ही मृत, आणि प्रत्येकाचं काय झालं याची तपशीलवार नोंद. तो निबंध वाचताना माझा आदर वाढत गेला. आज यशाचे आकडे घाईने छापले जातात आणि अपयश कपाटात राहतं, म्हणून हे तुला मुद्दाम सांगतोय.

त्यानंतर ते थांबले. बोस्टन आणि पॅरिसमधले प्रयत्नही फसले होते. 1967 पर्यंत माणसांवरची ही शस्त्रक्रिया बंद ठेवून ते प्रयोगशाळेत परतले. काढलेलं यकृत टिकवायचं कसं आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून काय द्यायचं, यावर काम केलं. जुलै 1967 मध्ये कर्करोग झालेल्या दीड वर्षाच्या मुलीला नवं यकृत बसवलं. ती वर्षाहून अधिक जगली. अखेर कर्करोगच उलटला.

बाकी इतिहास तुला पाठ असेल. केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी 1978 मध्ये, शरीराने अवयव नाकारू नये म्हणून, सायक्लोस्पोरिन हे औषध रुग्णांना दिलं. स्टार्झल यांनी त्याला स्टिरॉइडची जोड दिली. वर्षभर जगणारे रुग्ण आधी जेमतेम एक तृतीयांश होते, ते सुमारे 70 टक्क्यांवर गेले. 1989 मध्ये पिट्सबर्गला त्यांनी टॅक्रोलिमस वापरात आणलं. जपानच्या त्सुकुबाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध तू वॉर्डात रोज लिहून देशील.

आता आपल्याकडचं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 मध्ये झाला आणि 1998 मध्ये दिल्लीत वडिलांच्या यकृताचा तुकडा लहान मुलाला यशस्वीपणे बसवला गेला. आजही भारतातली बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांकडूनच येतात. देणाऱ्यांत आया आणि बायका पुष्कळ. धडधाकट बाईच्या पोटावर आपण सुरी चालवतो. रुग्ण बरा झाला की त्याच्या फाइली जाड होत जातात, आणि तिची फाइल काही महिन्यांत मिटते. मला हे मनापासून खटकतं.

तुझ्या विभागात दात्यांची पाच वर्षांनंतरची नोंद ठेवतात का, ते रुजू होताच विचार. ठेवत नसतील, तर मार्गदर्शकांकडे हाच विषय माग. थकवा, जखमेतलं दुखणं, कामावर परत जाता आलं का, घरात तिचं म्हणणं कुणी ऐकलं का, हे सगळं प्रश्नावलीत घाल. पहिला मसुदा झाला की मला पाठव. लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
मामा