फॉरलॉर्न : एका विशेषणाची ओळख

इंग्रजीच्या प्रेपमध्ये ‘सॅड’ऐवजी भारी शब्द हवा असला की बरेच जण ‘फॉरलॉर्न’ लिहून मोकळे होतात. पण हा शब्द प्रत्येक दुःखाला चालत नाही. हॉकीची मॅच हरलो तर आपण सॅड असतो. भेटीच्या रविवारी सगळ्यांचे आईबाबा येतात आणि एखादा कॅडेट गेटकडे बघत एकटाच बाकावर बसून राहतो, तो फॉरलॉर्न दिसतो. त्यात दुःखाबरोबर एकटे पडणेही आले. मराठीत ‘केविलवाणा’ हा त्याच्या सर्वांत जवळचा.

जागेलाही हे विशेषण लागते. बंद पडलेले स्टेशन फॉरलॉर्न असते, पण तिथे मराठीत ‘भकास’ म्हणावे. (आपल्या मारतहळ्ळीच्या पुलाला मात्र ते लावता येणार नाही, तिथली गर्दी हटतच नाही!)

मूळ अर्थ आहे ‘हरवलेला’. ‘लॉस्ट’ हा याचाच भाऊबंद, आणि जर्मनमधला ‘फेरलोरेन’सुद्धा.

आपल्याला जास्त जवळची आहे ती ‘फॉरलॉर्न होप’ ही जोडी. यातले ‘होप’ म्हणजे आशा नव्हे. डच भाषेत ‘फेरलोरेन होप’ म्हणजे हरवलेली टोळी. इंग्रज शिपायांनी ऐकू आले तसे उचलले. किल्ल्याच्या तटाला खिंडार पडले की त्यातून सर्वांत आधी घुसणारी स्वयंसेवकांची छोटी तुकडी ती ही. फ्रेंच तिला ‘हरवलेली मुले’ म्हणत. आपल्याकडे अशा निकराच्या हल्ल्याला सुलतानढवा म्हणत, आणि पुढे चालणारे ते बिनीचे लोक. पण ‘बिनीचा’ या शब्दात मान आहे, ‘फॉरलॉर्न’मध्ये ते परत येणार नाहीत हे आधीच धरून चाललेले आहे.

बंगळूरहून म्हैसूरला जाताना श्रीरंगपट्टण लागते. 4 मे 1799 रोजी दुपारी इंग्रज फौज कावेरीचे पात्र ओलांडून तिथल्या खिंडारावर चढली. पुढे अशा दोन तुकड्या होत्या, प्रत्येकीत एक सार्जंट आणि बारा जण. मुंबईच्या पलटणीतल्या सार्जंट ग्रॅहॅमने खिंडारावर निशाण रोवले आणि तिथेच तो गोळी लागून पडला. त्याच दिवशी टिपू सुलतानही किल्ल्यात लढताना मारला गेला.

आज ‘फॉरलॉर्न होप’ म्हणजे जवळजवळ नक्की फसणारा प्रयत्न, किंवा वेडी आशा. पेपरात त्याचे भाषांतर ‘उदास आशा’ असे करू नये.