मत्स्यशोधक यंत्राचा पडदा : मांडणी आणि वाचन

वेंगुर्ले बंदराहून निघालेला रस्ता आंबोली घाट चढून बेळगावास पोहोचतो. खडेबाजाराच्या गजबजाटात समुद्राचे स्मरण कोणास होत नसले, तरी समुद्राची मासळी या शहरात किनाऱ्यावरूनच येते, आणि तिच्या दरात शोधासाठी जाळलेल्या डिझेलचा खर्चही मिसळलेला असतो. हा खर्च कमी करण्याचे साधन म्हणजे मत्स्यशोधक यंत्र. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये ते व्यवहारात आणले. कोकणातील यांत्रिक नौकांनाही ते आता अपरिचित नाही. परंतु त्याचा पडदा वाचता आला, तरच ते उपयोगी ठरते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. नौकेच्या तळाशी बसविलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनी सोडतो व परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी एक दशांश सेकंदात परतला, तर ध्वनीने जाऊन-येऊन १५० मीटर अंतर कापले. म्हणजे खोली ७५ मीटर.

मांडणी करताना ट्रान्सड्यूसर पंख्यापासून व पाण्यातील बुडबुड्यांपासून दूर आणि सदैव पाण्यात राहील असा बसवावा. त्याचे तोंड सरळ खाली असावे. पुष्कळ यंत्रांत २०० व ५० किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. उथळ पाण्यात व बारकाव्यासाठी पहिला, तर खोल पाण्यासाठी दुसरा निवडावा. 'गेन' हळूहळू वाढवावा. पडद्यावर सर्वत्र ठिपके उमटू लागले, की किंचित कमी करावा. खोली ट्रान्सड्यूसरपासून मोजली जाते, हेही ध्यानात असावे. नौकेचा तळ त्याहून अर्धा मीटर खाली असेल, तर तळाखालील पाणी पडद्यावरील आकड्यापेक्षा अर्धा मीटर कमी असते. खडकाळ किनाऱ्यावर हा फरक नौकेच्या जिवावर बेतू शकतो.

पडदा म्हणजे समुद्राचे छायाचित्र नव्हे. उजव्या कडेची उभी रेघ तेवढी आताची असते. डावीकडे सरकलेले सर्व चित्र मागे पडलेले असते. थव्याची खूण पडद्याच्या मध्यावर दिसत असेल, तर नौका तो थवा ओलांडून पुढे आलेली असते. कठीण तळ ठळक उमटतो व कित्येकदा दुप्पट खोलीवर त्याची दुसरी रेषा दिसते. मऊ चिखलाचा तळ फिकट दिसतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या ठिकाणी तळाची रेषा एकाएकी वर चढलेली दिसते.

चालत्या नौकेखालून जाणारा मासा कमानीसारखा उमटतो. कारण ध्वनीच्या शंकूत शिरताना तो दूर, मध्यभागी जवळ आणि बाहेर पडताना पुन्हा दूर असतो. नौका व मासा दोन्ही स्थिर असल्यास आडवी रेषा उमटते. म्हणून लांब खूण म्हणजे मोठा मासा, हा समज चुकीचा होय. प्रबळ प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून येतो. मुशीला अशी पिशवी नसल्याने तिची खूण तिच्या आकाराच्या मानाने फिकी पडते.

खाली काहीतरी आहे, हे यंत्र सांगते. तो बांगडा आहे की तारली, पूर्ण वाढलेली मासळी आहे की पिल्ले, याचा निर्वाळा पडद्यावरून मिळत नाही. प्रत्येक खुणेवर जाळे टाकल्यास डिझेल वाया जाते, खडकावर जाळे फाटते, आणि पिल्ले सापडल्यास पुढील हंगामाचे उत्पन्नच नष्ट होते. म्हणून तांडेलाने ऋतू, पाण्याचा रंग, पक्ष्यांच्या हालचाली व पूर्वानुभव यांच्याशी पडदा ताडून पाहावा. प्रथम थोडीच मासळी काढून तिचा आकार तपासावा. ती लहान असेल, तर तेथून नौका हलवावी. यंत्र समुद्राचा तळ दाखवील. जाळे टाकावे की नाही, हा निर्णय मात्र तांडेलाच्या जाणतेपणावरच सोपविलेला आहे.